सत्यप्रतिज्ञेवर

“बाय गो, शपथ माजे देवाची घेव का तुजे देवाची?”

आजीचा डावा अंगठा शाईच्या पॅडपाशी येऊन थांबला होता. मागे तिचे दोन मुलगे उभे होते. धाकट्याच्या हातात मोटारसायकलची किल्ली, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. आजी पूर्णा गावातलीच, आगरी, सत्तरीच्या पुढची. खालच्या पाटीवर माझं आडनाव आहे आणि वकीलबाई येशूच्या देवळात जाते हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे तिला खरंच प्रश्न पडला होता. दुसऱ्याच्या घरी गेलं की त्या घराची रीत विचारून घ्यावी, तसं तिने विचारून घेतलं.

“थांबा आजी,” मी म्हटलं, “आधी कागदात काय लिहिलंय ते वाचून दाखवते. शपथेचं मग बघू.”

पुढे काय झालं ते सांगतेच. पण आजीने विचारलेला प्रश्न माझा स्वतःचा जुना प्रश्न आहे. नोटरीचं प्रमाणपत्र हातात पडलं त्या दिवसापासून मी तो बाळगून आहे.

माझं कार्यालय ठाणे-भिवंडी रस्त्याला लागून, हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर. खाली दिवसरात्र कंटेनर आणि ट्रेलर. काशेली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ या पट्ट्यात एकेकाळी भाताची खाचरं होती. भराव पडत गेले आणि आता जिकडे पाहावं तिकडे गोदामांचे पत्रे. भिवंडीभोवतालच्या ६० गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांबही आमच्याच रस्त्यावर उभे राहिले, त्या मार्गावर पूर्णा नावाचं स्थानक आहे. जमिनीचे व्यवहार वाढले की कागद वाढतात, कागद वाढले की माणसं जिना चढून वर येतात. गोदाममालक येतात, माथाडी येतात, यंत्रमागावरचे उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर येतात, गावातल्या म्हाताऱ्या नातवाचा हात धरून येतात. माझे वडील भिवंडीत एका यंत्रमाग कारखान्यात मेहताजी होते, नगर जिल्ह्यातून आलेले. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. आमच्या घरात ख्रिस्ती झालेली पहिली पिढी माझ्या पणजोबांची.

कार्यालय उघडलं तेव्हा आईने एक फ्रेम दिली होती. पवित्र शास्त्रातलं एक वचन, भोवती रंगीत दोऱ्याची वेल, तिनेच भरलेली. मी ती माझ्या खुर्चीमागे लावली. आठवडाभराने एक कारागीर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र करायला आला. मुसलमान, वयाने माझ्याहून मोठा. सही करता करता त्याची नजर वर गेली आणि तो घाईघाईने म्हणाला, “मॅडम, ईसा अलैहिस्सलाम को हम भी मानते हैं.” मी काहीच विचारलं नव्हतं. त्याला माझा शिक्का हवा होता. मला बरं वाटावं म्हणून तो बोलला, आणि ते बोलताना त्याचा चेहरा पडला होता.

त्या संध्याकाळी मी फ्रेम काढली. शिक्क्याच्या खणात ठेवली, अजून तिथेच आहे. शिक्का काढताना रोज हाताला लागते. आईला लागलं ते वेगळं. “लाज वाटते का गं?” तिने विचारलं. लाज नव्हती. माझ्यासमोर बसणारा माणूस अडलेला असतो आणि माझ्या खुर्चीमागे भारत सरकारने दिलेला अधिकार असतो. त्या अधिकाराच्या शेजारी माझा देव टांगला की अडलेल्या माणसाला दोघांपुढे मान वाकवावी लागते. माझ्या प्रभूने कोणाला असं वाकवून घेतल्याचं मी वाचलेलं नाही. आईला हे पटायला दोन वर्षं लागली.

आता शपथेविषयी. नोटरीची कामं १९५२ च्या नोटरी कायद्याच्या कलम ८ मध्ये दिलेली आहेत. दस्त साक्षांकित करणं आणि शपथ देणं, प्रतिज्ञापत्र घेणं हा त्यातला रोजचा भाग. आणि डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की शपथ वाहूच नका. लहानपणी रविवारच्या शाळेत आम्हाला हे पाठ करावं लागे. ज्या गोष्टीला माझा प्रभू नको म्हणतो ती मी दिवसातून वीस वेळा लोकांना करायला लावते की काय, हे मला सुरुवातीला फार खुपायचं.

मी त्याच्या मागे लागून वाचलं. क्वेकर पंथाच्या लोकांनी इंग्लंडमध्ये याच कारणासाठी शपथ नाकारली, तुरुंग सोसले, आणि १६९६ मध्ये तिथल्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी गांभीर्याने प्रतिज्ञा करायची मुभा दिली. आपल्याकडे गंगाजळ आणि कुराण हातात घेऊन शपथा घ्यायची पद्धत होती, ती १८४० च्या कायद्याने थांबवून हिंदू-मुसलमानांना प्रतिज्ञेचा मार्ग दिला. सिनेमात अजून गीतेवर हात ठेवतात, न्यायालयात ठेवत नाहीत. आज चालतो तो १९६९ चा शपथ कायदा. त्यात दोन्ही वाटा आहेत: ईश्वरसाक्ष शपथ घ्या, नाहीतर गांभीर्यपूर्वक दृढकथन करा. वजन दोन्हींना सारखंच. आपल्या प्रतिज्ञापत्रांत “सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की” ही जी ओळ असते, ती वर्षानुवर्षं टाइप करणाऱ्यांच्याही डोळ्यांखालून नुसती सरकत जाते. मला ती सापडली तेव्हा माझ्या मनावरचा भार उतरला. देवाला मध्ये न आणता खऱ्याला खरं म्हणायची सोय कायद्याने करून ठेवली होती.

तेव्हापासून मी प्रत्येकाला तोंडी विचारते. मजकूर समजला का? खरा आहे का? शपथ घेणार की प्रतिज्ञा करणार? कोणी दबाव टाकून आणलं नाही ना? याला दोन-तीन मिनिटं जातात. बाहेर रांग असली की लोक कुरकुरतात.

आमच्या मंडळीत साक्ष हा शब्द रविवारी कानावर येतो. कोणी आजारातून उठला, कोणाला नोकरी लागली की उभं राहून साक्ष देतात. सोमवारी हाच शब्द माझ्या शिक्क्याखाली येतो. याच ठाण्यात १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले, त्यांची हकिकत ओदोरिक या प्रवाशाने लिहून ठेवली. त्यांना हुतात्मे म्हणतात, आणि त्यासाठीचा जो ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थच साक्षीदार. मला त्या हकिकतीची सुरुवात धरून बसली आहे. ते ज्या घरी उतरले होते तिथे नवऱ्याने बायकोला मारलं. ती दाद मागायला काजीकडे गेली आणि या पाहुण्यांनी पाहिलंय म्हणून सांगितलं. साक्षीच्या निमित्ताने त्यांचं नाव निघालं, त्यांना बोलावून आणलं, आणि बोलणं मारहाणीवरून धर्मावर गेलं. कोणाचा प्रेषित खरा, कोणाचा देव खरा. पुढे जे घडलं ते सगळ्यांना माहीत आहे. ती बाई मात्र हकिकतीत मागे पडते. तिला मार बसला होता, ती दाद मागायला गेली होती.

भक्तीने सांगितली जाणारी गोष्ट आहे, मीही त्याच भक्तीने ऐकली. पण या खुर्चीत बसायला लागल्यापासून मला त्या बाईचीच आठवण जास्त येते. धर्माचं बोलणं सुरू झालं की जिच्यासाठी सगळे जमले तीच विसरली जाते, हे माझ्या टेबलावर होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं.

बाकी रोजचे मोह साधेच. मागची तारीख हवी असते. नोंदवहीला अनुक्रमांक असतात, रोजच्या नोंदी ओळीने लागतात. मध्ये रिकाम्या ओळी ठेवल्या की मागच्या तारखेला जागा होते, म्हणून मी ओळ सोडत नाही. गोदामाचा भाडेकरार अकरा महिन्यांचा आहे, नुसता नोटरी करून द्या, असं रोज कोणीतरी म्हणतं. लिव्ह अँड लायसन्सचा करार १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदवावाच लागतो, म्हणून मी दुय्यम निबंधकाकडे पाठवते. पळून आलेली जोडपी ‘नोटरी मॅरेज’ मागतात. केंद्राच्या विधी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा बजावलं की लग्न लावणं किंवा घटस्फोट करून देणं हे नोटरीचं काम नव्हे. त्यांना पाणी देते, विशेष विवाह कायद्याची ३० दिवसांची नोटीस समजावते, ठाण्याचा पत्ता देते. दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो, हे सांगितलं की गरिबाचे पैसे वाचतात. या सगळ्याला श्रद्धा लागते असं नाही. सरळ माणसाला हे जमतं.

श्रद्धा लागली ती एका मुलाच्या वेळी.

आमच्याच मंडळीतला, लहानपणापासून पाहिलेला. नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायचा. त्याचं घराणंही नगरकडचं, आमच्यासारखंच पूर्वाश्रमीचं महार. जातीच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र टाइप करूनच आला होता. त्यात लिहिलं होतं: धर्म हिंदू, जात महार. शाळेच्या जुन्या दाखल्यावर आजोबांची नोंद तशीच होती, म्हणजे कागदाचा आधारही होता. “ताई, तुम्हाला फक्त सही-शिक्का करायचाय,” तो म्हणाला. “मजकुराची जबाबदारी माझी.”

कायद्याने त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. मजकूर खरा की खोटा हे तपासणं नोटरीचं काम नाही. समोर आलेला माणूस तोच आहे, त्याने माझ्यासमोर सही केली आणि हे सत्य आहे असं प्रतिज्ञेवर म्हणाला, एवढंच मी प्रमाणित करते. अनोळखी मुलगा असता तर मी शिक्का मारून मोकळी झाले असते. पण मागच्याच रविवारी त्याच्याच हातून प्रभुभोजनाचं ताट माझ्याकडे आलं होतं. तो माझ्यासमोर खोटं म्हणणार आणि ते खोटं आहे हे मला ठाऊक असताना मी त्याला विचारणार, खरं आहे का?

मी दार लावून घेतलं आणि त्याला समजावलं. १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश अनुसूचित जातीसाठी आधी फक्त हिंदू धरतो, पुढे १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सी. सेल्वराणी यांच्या प्रकरणात, ख्रिस्ती धर्म पाळत राहून केवळ लाभासाठी हिंदू असल्याचं सांगणं मान्य केलं नाही. पुढे कधीही पडताळणीत हा कागद निघाला तर शिक्षण जाईल, नोकरी जाईल. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहेच. १ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदलले, गुन्हा तोच राहिला.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “ताई, गावी आमच्या आजीला अजून वरून पाणी वाढतात. तिथे कोणी विचारत नाही बाप्तिस्मा कधी झाला म्हणून.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो म्हणतो ते मी स्वतः पाहिलेलं आहे. बाप्तिस्म्याने जात सुटत नाही, गाव ती सोडू देत नाही, आणि आदेश मात्र सुटली असं धरून चालतो. हा अन्याय आहे असं मला वाटतं, मी तो उघड म्हणते. यावर विचार करायला माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये नेमला. पण अन्याय आहे म्हणून माझ्यासमोर खोटी प्रतिज्ञा होऊ द्यायची, हे मला जमलं नाही. कागद मी परत केला. त्याने तो नीट घडी करून पिशवीत ठेवला, “येतो ताई” म्हणाला आणि जिना उतरला.

त्याने पुढे काय केलं हे मी विचारलं नाही. त्याची आई उपासनेनंतर माझ्याशी बोलायची थांबली. माझे हात धरून प्रार्थना करणारी बाई, आता दुसऱ्या दाराने निघून जाते. मला याचं वाईट वाटतं, आजही वाटतं. तेव्हाही मी प्रार्थना केली होती. मी योग्य केलं असं आतून काही उमटलं नाही, नुसती झोप लागली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी एक तरुणी आली. नाव बदलाचं प्रतिज्ञापत्र, राजपत्रात छापायला द्यायचं. जुनं नाव ख्रिस्ती, नवं हिंदू. मजकुरात एक ओळ होती, स्वखुशीने ख्रिस्ती धर्म सोडल्याची. तिच्या आईला मी ओळखत होते. त्या ओळीवर माझं बोट क्षणभर थांबलं, ते तिनेही पाहिलं. ती खुर्चीत ताठ झाली, आता ही बाई मला उपदेश करणार म्हणून.

मी तेच विचारलं जे सगळ्यांना विचारते. मजकूर समजला का? खरा आहे का? शपथ की प्रतिज्ञा? दबाव नाही ना? तिने प्रतिज्ञा केली, सही केली. मी शिक्का मारला. पाच सेंटिमीटरचा गोल, नियमात मोजमाप दिलंय तेवढाच, मेंढपाळ झालेल्या मुलाच्या कागदावर न उमटलेला तोच. जाताना ती दारात थांबली आणि “थँक्यू मॅडम” म्हणाली, आवाज भरलेला होता. दार लागल्यावर मी तिच्यासाठी प्रार्थना केली. ती माझी खासगी गोष्ट. तिच्या कागदाशी त्याचा संबंध नाही.

त्याच आठवड्यात मंडळीतल्या एका जबाबदार माणसाचा फोन आला. अमक्याची मुलगी तुमच्याकडे आली होती का? कशासाठी? सावरता आलं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मनात काळजीच होती, मला त्यात शंका नाही. मी म्हटलं, माझ्याकडे कोण येतं ते मी सांगत नाही. “आपल्या माणसालाही?” त्यांनी विचारलं. हो, म्हटलं, आपल्या माणसालाही.

तर आजी.

मी वारसांचं प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचायला घेतलं. आजीचे मालक वारले होते, सातबाऱ्यावर वारसनोंद करायची होती, जमिनीवर गोदाम होतं आणि त्याचं भाडं येत होतं. मयताची तारीख वाचली, गट नंबर वाचला. मग वारसांची नावं वाचली: विधवा पत्नी म्हणून आजीचं, मोठ्याचं, धाकट्याचं. यांखेरीज मयतास अन्य कोणीही कायदेशीर वारस नाहीत.

“आनि माजे पोरींची नावा कय हान?” आजी म्हणाली.

खोलीत कोणी बोलेना. खालून ट्रेलरचा रिव्हर्सचा भोंगा तेवढा येत होता. धाकट्याने किल्ली खिशात टाकली. मोठा म्हणाला, “आये, त्यांची लग्ना झायली ना.”

“झायली तं काय? मेल्या का त्या?”

आजीने अंगठा आवरून पदराखाली घेतला. मी मुलांना एवढंच सांगितलं की १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगी मुलाइतकीच वारस आहे आणि हा मजकूर आजींना मान्य नाही, म्हणून हे माझ्यासमोर होणार नाही. जास्त बोलणं माझं काम नव्हतं. ते आईला घेऊन गेले. दुसरीकडे जातील असं मला वाटलं, शिक्के पुष्कळ आहेत.

अकराव्या दिवशी आजी परत आली. रिक्षाने, मोठ्या मुलीला आणि मोठ्या मुलाला घेऊन. प्लास्टिकच्या पिशवीत चार आधार कार्डांच्या झेरॉक्स आणि नवा टाइप केलेला कागद. मी पुन्हा सगळं वाचलं. पाच नावं होती. आजीने प्रत्येक नावाला मान हलवली, आणि मुलींच्या नावांना जरा जोरात.

“आता सांग,” ती म्हणाली, “कोनचे देवाची?”

मी सांगितलं, ज्या देवाला तुम्ही खोटं सांगणार नाही त्याची. नाहीतर नुसतं खरं बोलते म्हणा.

तिने डोळे मिटले. एकवीरा आय, एवढं ऐकू आलं, पुढचं ती मनात म्हणाली. मग अंगठा पॅडवर दाबून कागदावर टेकवला, दोन्ही बाजूंनी हलकेच फिरवला, ठसा नीट उठावा म्हणून. मी शेजारी लिहिलं: निशाणी, डाव्या हाताचा अंगठा. मुलीने ओळख दिली म्हणून तिची सही घेतली. नोंदवहीत पुढच्या मोकळ्या ओळीवर अनुक्रमांक टाकला. आजीने अंगठ्याची शाई केसांना पुसली आणि शिक्क्यासाठी उघड्या राहिलेल्या खणाकडे पाहत विचारलं, “ती येल कोनी भरली गो? हात चांगला हाय.”

“माझ्या आईने,” मी म्हटलं, आणि फ्रेम काढून तिच्या हातात दिली.